रानाखालचं रान

सांगली
४ ऑगस्ट १९९७

शिवतेज,

वर 'प्रिय' लिहायचं की नाही यात बराच वेळ गेला. शेवटी नुसतं नाव लिहिलं. तू फेब्रुवारीत रजा संपवून गेलास, त्यानंतर तुझं पत्र नाही आणि मीही लिहिलं नाही, म्हणजे फिट्टंफाट. हे पत्र भांडण मिटवायला नाही. मी प्रयोगशाळा सोडून खळेवाडीला तुझ्या आईंजवळ राहावं असं तुला वाटत होतं, मला नाही वाटत, आणि तुझी बदली सीमेवरच्या त्या मुलखातून होईपर्यंत ते तसंच राहणार आहे. लिहितेय ते तुमच्या रानाबद्दल. तुला ते गावातल्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

साखर कारखान्यात मळी आंबवून स्पिरिट काढतात, तेव्हा कार्बन डायऑक्साइड भरमसाट निघतो. तो हवेत सोडण्याऐवजी जमिनीत खोल कोंडता येतो का, हे बघायची एक छोटी योजना आमच्याकडे आली आहे. नॉर्वेवाल्यांनी गेल्या वर्षीच समुद्राच्या तळाखाली हे सुरू केलं. आमचे प्रमुख सौमित्र सर, त्यांना तेव्हापासून झोप नाही. त्यांनी सातारा जिल्ह्याच्या नकाशावर बोट ठेवलं ते नेमकं खळेवाडीवर, आणि खळेवाडीत तुमच्या घरामागच्या पट्ट्यावर. ते माझं सासर आहे हे मी सरांना सांगितलं नाही. पण जीपमधून एकटीच उतरून आईंच्या दारात उभी राहिल्यावर त्यांच्यापासून काय लपवणार?

आईंनी मला आत घेतलं, चहा दिला, आणि विचारलं, "कामाला आलीस, का घरला?" मी म्हटलं, कामाला. "मग बस," म्हणाल्या.

यंत्राने अर्धा किलोमीटर खाली भोक पाडलं आणि खडकाचे लांब दंडगोल वर काढले. काळा कातळ, पुन्हा काळा कातळ, आणि मग एकदम तांबडं! मूठभर जाडीचा नाही, चांगला पुरुषभर थर. बाकी सगळा भुगा होऊन आला, हातभर लांबीचा एकच सलग तुकडा निघाला. आईंनी त्यावर बोट फिरवलं. मी त्यांना सांगितलं की हा सगळा डोंगर म्हणजे एकावर एक पसरलेला तापलेला रस आहे. एक थर थंड झाला, त्यावर पाऊसपाणी झालं, हजारो वर्षांत त्याची माती झाली. मग तिच्यावर पुढचा रस आला आणि ती माती भाजून खाली गाडली गेली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी.

आईंनी तो तुकडा उजेडात फिरवून बघितला. मग म्हणाल्या, "म्हंजी आमच्या रानाखाली आनि एक रान हाय?"

शिवतेज, मी पंधरा वर्षं दगड शिकतेय आणि शिकवतेय. माझ्या अंगावर काटा आला.

"हाय," मी म्हटलं. "आणि तेच झाकण आहे. वायू त्याच्या खाली ठेवायचा."

"आनि झाकान गळालं तर?"

मी खोटं बोलले नाही. वायू वर आला तर पहिल्यांदा विहिरीचं पाणी आंबट होईल. फार आला तर खोलगट जागी साचेल आणि माणसाचा श्वास कोंडेल. आई उठल्या, कप विसळला आणि म्हणाल्या, "हे बग, मला तुझ्या सायबाचं काय कळत न्हाई. तू दगूड तपास. तू सही केलीस की मी अंगटा देते. न्हाई केलीस तर न्हाई."

तेव्हा तुझ्या आईचं घर, गोठा, विहीर आणि त्या वाडीतली चाळीसेक घरं आता माझ्या सहीवर आहेत. हे तुला कळवणं भाग होतं.

ज्ञानदा


सांगली
२१ सप्टेंबर १९९७

शिवतेज,

तुझं उत्तर नाही. तुमच्याकडे टपाल हेलिकॉप्टरने येतं असं तूच म्हणाला होतास, तेव्हा मी हेलिकॉप्टरला दोष देऊन मोकळी होते.

तांबडा तुकडा, त्याची ओल उडू नये म्हणून, अजून मेणात बंद आहे. सध्या खाणीतल्या साध्या दगडांवर हात बसवतेय. काम कसं चालतं ते सांगते, कारण मला हे कुणाला तरी सांगायचंय आणि इथे सगळ्यांना ते आधीच माहीत आहे. दगडाचा लहान दंडगोल कापायचा, पाण्यात मुरवायचा, रबरी बाही घालून पोलादी नळकांड्यात बसवायचा. चारी बाजूंनी हातपंपाने दाब द्यायचा, जमिनीच्या पोटात असतो तसा. मग एका टोकाने वायू सोडायचा. दुसऱ्या टोकाला काचेची नळी, तिचं तोंड पाण्यात. बुडबुडा आला की दगड हरला.

बस, एवढंच. दाब थोडा वाढवायचा आणि नळीकडे बघत बसायचं. बिराप्पा, आमचे मिरजेचे जुने मदतनीस, म्हणतात, "म्याडम, ही तर दूध उतू जायची वाट बघायची नोकरी."

पण त्यातली खरी गोष्ट मला परवा दिसली. म्हणजे पुस्तकात वाचली होती, शिकवलीही होती, पण दिसली परवा. खडकाला भोकं असतातच, केसाहून कितीतरी बारीक. मग वायू का जात नाही? कारण त्या भोकांत पाणी बसलेलं असतं. वाट जितकी बारीक तितकं पाणी तिला घट्ट धरून बसतं, आणि वायू कितीही ढकलू दे, ते उठत नाही. दार दगडाचं नाहीच, दार पाण्याचं आहे! आपल्या लोट्यातलं, ओंजळीतून निसटून जाणारं पाणी, आणि ते तिथे खाली कोट्यवधी वर्षं हटून बसलंय. मी त्या नळकांड्यापुढे खुळ्यासारखी हसत उभी होते. सौमित्र सरांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, पाणी.

तू असतास तर चिडवलं असतंस. चिडवायला तरी लिही.

ज्ञानदा


सांगली
१५ ऑक्टोबर १९९७

शिवतेज,

बुडबुडा आला.

आज तांबडा दगड बसवला. पुरता दाब दिलाही नव्हता, नुसता वायूचा नळ थोडा सैल केला आणि नळीतून एकामागून एक बुडबुडे. सर उठून बाहेर गेले. मी आईंना काय सांगू?

ज्ञा.


सांगली
२४ ऑक्टोबर १९९७

शिवतेज,

मागचं पत्र वाचून घाबरला असशील तर थांब, हे वाच. हसावं की रडावं तेच मला कळलेलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळी यंत्रं बंद ठेवून पूजा होते, तुला माहीत आहे. तुम्ही बंदुका पुजता, आम्ही हातपंप. बिराप्पांनी पहाटे येऊन नळकांडी घासली, करवत घासली, झेंडूच्या माळा लावल्या. मी नैवेद्याला पुरण घेऊन गेले. टेबलावर मधोमध तांबडा दगड ठेवलेला, धुतलेला, लखलखीत. मी त्याला स्वतःच्या हाताने हळदकुंकू लावलं आणि वर म्हणाले, "किती देखणा दिसतोय!" सौमित्र सरांनी त्याला फूल वाहिलं. आम्ही सगळ्यांनी नमस्कार केला.

आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की तो मेणातून बाहेर कसा आला.

बुडबुड्यानंतर मी दगड बाहेर काढून भिंगाखाली धरला तेव्हा त्यावर जाळ्यासारख्या भेगा दिसल्या. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ वाळल्यावर पडतात तशा. मग डोक्यात उजेड पडला, की तो जमिनीतून आला तसा ओलाच आहे असं धरून मी तो न मुरवताच बसवला होता. बिराप्पांना विचारलं तर ते सरळ म्हणाले, "व्हय की, मीच मेण काडलं. देवापुडं मेण फासल्याला दगूड कसा ठेवायचा? धुतला, गच्चीवर उनात वाळवला. वल्या दगडावर कुंकू ऱ्हात न्हाई म्याडम." दसरा होईपर्यंत पूजा हलवायची नाही म्हणून तो तसाच उघडा राहिला. ज्या पाण्यावर सगळं टिकून आहे तेच आम्ही भक्तिभावाने वाळवलं! माझा राग कुणावर काढू? कुंकू तर मीच लावलं होतं.

पुढचं ऐक. मी तो दगड पुन्हा पाण्यात मुरवला, आठवडाभर दाबाखाली ठेवला. आणि शिवतेज, भेगा मिटल्या. त्या मातीत फुगणारा अंश आहे, पाणी मिळालं की ती फुगते आणि आपल्याच भेगा आपणच बुजवते. वायू सोडला, तर खाली लागणार आहे तेवढा दाब तिने धरला. एकही बुडबुडा नाही. भाजलेली, गाडलेली, आम्ही गच्चीवर वाळत घातलेली माती, आणि तरी तिच्यात एवढी धमक शिल्लक! मी त्या नळकांड्याला हात लावून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला नाक शिंकरलं.

सर आनंदाने उड्या मारायचे बाकी होते. "झालं तर मग! हाच निष्कर्ष लिहू. खंडेनवमीचं कशाला लिहायचं, लोक हसतील."

मी म्हटलं, हसू देत. पण मला एकच सांगा, पहिल्या भेगा उन्हाच्याच होत्या कशावरून? त्यातली एखादी जमिनीतलीच असेल तर? दगड मी पाण्यात बुडवून बरा केला. खाली त्याला बरं करायला कोण जाणार आहे?

सर म्हणाले, "तुम्ही फार वैयक्तिक घेताय." मी म्हटलं, हो, घेतेय. माझी सासू राहते त्यावर.

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं खरं. सर बघतच राहिले, त्यांना हे माहीतच नव्हतं. मीही जरा चमकलेच.

सही केलेली नाही. दुसरा तुकडा काढावा लागेल आणि त्यासाठी तुझ्या आईच्या उभ्या ज्वारीतून यंत्र न्यावं लागेल. दिवाळीनंतर जातेय. माझ्यासाठी नाही, पण या कामासाठी तरी तुझ्या देवाला एक नमस्कार घाल.

ज्ञानदा


खळेवाडी
१२ नोव्हेंबर १९९७

शिवतेज,

हे पत्र तुझ्या घराच्या ओट्यावर बसून लिहितेय. समोर म्हैस आहे आणि ती मला अजिबात मान देत नाही.

आईंना सगळं सांगितलं, खंडेनवमीसकट. मला वाटलं होतं रागावतील. त्या हसून हसून ठसकल्या. "एवडी शिकल्याली मान्सं, आनि दगडाला वाळवनावानी वाळत घातलं?" शेजारणीला हाक मारून तिलाही सांगितलं. संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. विहिरीवर बायका मला बघून तोंडाला पदर लावतात.

पण यंत्र पिकातून जाणार म्हटल्यावर हसू थांबलं. ज्वारी गुडघ्याएवढी आली आहे, छान तरारलेली. आई बांधावर उभ्या राहिल्या.

"तू मागंच सही केली आसतीस तर कुनाला कळलं आसतं?"

"कुणालाच नाही."

"मग न्हाई का केलीस?"

"मला माहीत नव्हतं म्हणून. आणि अजून माहीत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता घालवून देतात. मग त्या स्वतः पुढे झाल्या आणि यंत्राला वाट करायला ज्वारी उपटायला लागल्या. मीही लागले.

काल दुपारी तांबडा थर लागला. या वेळी सलग, ओला, भोकाच्या तोंडाशीच मी तो ओल्या फडक्यात घेतला, वर प्लास्टिक, वर मेण. आईंनी तो दोन्ही हातांनी उचलला. "जड हाय गं," म्हणाल्या, आणि मग हळूच, "गार हाय. पार आतनं गार." इथे वर आम्ही सगळे घामाने निथळत होतो आणि ती माती साडेसहा कोटी वर्षांनी उजेडात येऊन गार होती. आई तिला मांडीवर घेऊन बसल्या.

आणि आता बातमी. त्या दगडाबरोबर सांगलीला येताहेत. "म्या डोळ्यानं बगनार. तुमचा भरवसा न्हाई, परत कुनी हळद लावंल." म्हशीची सोय शेजारी झाली. माझ्या दीड खोलीत आम्ही दोघी कशा मावणार, हे तुला विचारून उपयोग नाही, कारण तू उत्तर देत नाहीस.

ज्ञानदा


सांगली
११ जानेवारी १९९८

प्रिय शिवतेज,

तुझं कार्ड मिळालं. चार शब्द. 'आई कशी आहे? लिही.' एवढ्या महिन्यांनी चार शब्द, तेही आईबद्दल. ठीक आहे. मी घेतले.

आई उत्तम आहेत. माझ्या स्टोव्हची वात त्यांनी बदलली, माझ्या आमटीला नावं ठेवली, मिरजेला नेऊन डोळे तपासले तर चष्मा नको म्हणाल्या. रोज माझ्याबरोबर प्रयोगशाळेत येतात. काचेच्या नळीसमोर स्टुलावर बसतात आणि बिराप्पांशी गप्पा मारतात. त्यांच्या मते बिराप्पांची भाषा अर्धी कानडी आहे, बिराप्पांच्या मते आईंची अर्धी भांडणाची आहे. दोघांचं छान जमतं.

आता खरं सांगते. नवा दगड बसवला, वायू सोडला. मागच्या वेळी बुडबुडे आले तो दाब आला आणि गेला. नळी शांत. दुसऱ्या दिवशी वाढवला, शांत. खाली लागणार आहे तेवढा दाब आला, तिथे दोन आठवडे धरून ठेवला. काही नाही. म्हणजे भेगा उन्हाच्याच होत्या. जमिनीतली माती अखंड आहे!

सर म्हणाले, आता तरी सही? मी म्हटलं, अजून नाही. ती कुठे हरते ते कळल्याशिवाय ती किती धरते ते कळत नाही. मग दीडपट. मग दुप्पट. आई अस्वस्थ व्हायला लागल्या. "आगं बास की. किती छळतीस तिला?" मी म्हटलं, खाली कुणी छळलं तर? त्यावर त्या पदराचं टोक चावत बसल्या.

दुपटीच्याही बऱ्याच वर गेल्यावर, काल, एक बुडबुडा आला. एकच. टाचणीच्या डोक्याएवढा. नळीच्या तोंडाशी थांबला, थरथरला आणि वर गेला. मी दाब थोडा उतरवला. पाणी परत आपल्या जागी जाऊन बसलं आणि दार लागलं.

बिराप्पांनी टोपी काढली. मला आपण फार मोठ्या कुणासमोर उभे आहोत असं वाटलं, आणि तो कुणी म्हणजे एक मातीचा तुकडा होता. पाऊस प्यालेली, कुणीही न पेरलेली, आगीखाली गेलेली माती. आपण तिला ओळखतही नव्हतो आणि ती आपल्या पायाखाली एवढं धरून होती. मी रडले, या वेळी नाक शिंकरलं नाही. आईंनी माझी पाठ चोळली, फार जोरात, म्हशीची चोळतात तशी.

आज मी सही केली. खंडेनवमीसकट सगळं अहवालात लिहिलं. लोकांनी हसावं. आईंनी त्याखाली अंगठा दिला.

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सही केलीस. आता वायू सोडत्याल तवा तू कुटं आसशील?"



ज्ञानदा


खळेवाडी
१७ मे १९९८

प्रिय शिवतेज,

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात टँकर आले आणि कारखान्याचा वायू तांबड्या थराखाली गेला. फार नाही, चाचणीपुरता. वर काहीच कळलं नाही. पंप थोडा वेळ घरघरला, ज्वारीच्या धसकटांत चिमण्या टिपत होत्या, आणि झालं. एवढी मोठी गोष्ट इतकी मुकाट्याने होते हे मला अजून पचलेलं नाही.

तेव्हापासून मी इथे आहे. कामासाठी आहे, हे आधी लिहून टाकते, तू भलता अर्थ काढशील म्हणून. विहिरीवर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं होतं. पण कुणीतरी म्हणजे मीच, हे मी सरांना सांगितलं, त्यांनी मला नाही.

नियमाप्रमाणे विहीर बंद ठेवली. वर फळ्या, फळ्यांवर दगड. वाडीला सरकारी टँकरचं पाणी, तेही एक दिवसाआड, तेही या उन्हात. मी रोज बाटलीत नमुना घ्यायचे, तपासायचे, आणि रोज तेच: काही नाही. शेवटी आज विहीर खुली करायची ठरलं. मी लोकांना सगळं नीट समजावलं. बाटल्या दाखवल्या. लोक बाटल्यांकडे बघत होते, माझ्याकडे बघत होते, आणि घागर कुणी पुढे करेना.

एक म्हातारा म्हणाला, "बाई, बाटलीतलं आमाला कळत न्हाई वो. पोरंबाळं हायेत आमची."

मला त्याचा राग आला नाही. तो बरोबर बोलत होता.

मग आई पुढे आल्या. फळ्या बाजूला केल्या, पोहरा सोडला, भरून वर ओढला. मला वाटलं त्या पितील. त्या नाही प्याल्या. तो पोहरा त्यांनी सगळ्या वाडीदेखत माझ्यापुढे धरला.

"तुझी सही हाय," म्हणाल्या. "आदी तू."

शिवतेज, मला सगळं ठाऊक होतं. तो दगड माझ्या हाताखालून गेला होता, दीड महिन्याचे नमुने माझे होते. तरी पोहरा पुढे आल्यावर मी वाकून आधी त्याचा वास घेतला. सही कागदावर करताना मी एवढी घाबरले नव्हते. मी ओंजळ केली, आईंनी ओतलं आणि मी प्याले. डोळे मिटून, जिभेवर आंबट शोधत प्याले. आंबट नव्हतं. बुडबुडा नव्हता. गार होतं आणि गोड होतं. तुमच्या विहिरीचं पाणी मी लग्नात प्याले असेन, पण चव आज कळली.

"कसं हाय?" आईंनी विचारलं.

मी पुन्हा ओंजळ पुढे केली. तेवढं पुरलं. आई प्याल्या, मग तो म्हातारा प्याला, आणि मग घागरींची अशी झुंबड उडाली की मला बाजूला व्हावं लागलं.

आता दुपार आहे. आई आत भाकरी थापताहेत. मी विहिरीच्या कठड्याला टेकून हे लिहितेय. माझ्याखाली काळा कातळ आहे, त्याच्याखाली ती तांबडी माती, तिच्याखाली तो वायू, आणि मध्ये पाणी हटून बसलेलं. मला इथून उठावंसं वाटत नाही.

आई ओरडून विचारताहेत, त्याला लिहितीस काय. मी हो म्हटलं. "मग लिही," म्हणाल्या, "पानी चांगलं हाय. ये म्हनावं."

ये.

ज्ञानदा